गुंतलेली लड

लहानपणी मला सगळे भोचक म्हणत. म्हणोत बापडे. माणूस एखादी गोष्ट अशीच का करतो, हे विचारल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे, आणि सोलापुरातल्या आमच्या गल्लीत विचारण्यासारखं पुष्कळ होतं. वडील शाळामास्तर. शाळा जवळ आणि भाडं कमी, म्हणून त्यांनी तेलुगू विणकरांच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या होत्या. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या मागोमाग घराघरातले हातमाग सुरू व्हायचे, ते दिवेलागणीपर्यंत. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना त्या खटखटीनं झोप लागत नसे. आम्हाला मात्र सणासुदीला माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आमच्या घरात पाण्याची कायम ओरड असे, पण शहाणपणाच्या बोलांना तोटा नव्हता. वडिलांकडे प्रत्येक प्रसंगाला एक म्हण तयार असायची. आईनं चार पैसे जास्त खर्च केले तर ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, आणि हात आखडला तर ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’. मी एकदा विचारलं, की यातलं खरं कुठलं? वडील म्हणाले, “दोन्ही.” आई चुलीपुढून म्हणाली, “त्या दिवशी जे बायकोला ऐकवायचं असेल ते.” वडील हसले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

आईचंही एक गमतीचंच होतं. ती त्या वस्तीत कुणाच्या घरी पाणी प्यायची नाही, पण लुगडं घ्यायचं तर त्यांच्याच मागावरचं घ्यायची, आणि पोरगी दिवसभर त्यांच्या ओसऱ्यांवर लोळते याकडे काणाडोळा करायची. त्यामुळे मला त्यांचं तेलुगू कधी कळायला लागलं ते मलाच कळलं नाही. ही मंडळी आपसात तेलुगूत बोलत आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. मी इथं सगळंच मराठीत सांगते आहे.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक म्हातारी राहायची. तिला लहानथोर सगळे अव्वा म्हणत, म्हणजे आई. नवरा वारलेला, आणि उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. मुलगा लुगडी विणायचा. त्याच्या हातच्या काठाला बाजारात मागणी होती, दारूचा वास नाही, तोंडात शिवी नाही, वर दिसायला चांगला. अशा मुलासाठी मुलींची रांग लागायला हवी, आणि लागतही होती. पण लग्न काही जमत नव्हतं. त्याला कारण अव्वाची परीक्षा.

मुलगी बघायला अव्वा मुलीच्या घरी जात नसे. “परतेक पोरगी आपल्या घरात शानीच दिसती की,” असं म्हणून ती मुलीकडच्यांनाच आपल्याकडे बोलवायची. चुरमुरे, शेंगा, चहा झाला की ती आत जायची आणि रंगाऱ्याकडून आलेली सुताची एक लड आणून मुलीच्या मांडीवर टाकायची. धड लड रहाटावर चढवून एकटीला उकलता येते. पण रंगाच्या हंड्यातून निघताना काही लडी गुंततात, त्या रहाटावर चढत नाहीत. अव्वा त्यातली सगळ्यात वाईट राखून ठेवत असणार. “सोडव,” एवढंच ती म्हणायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. मुलगा समोरच्या बाकड्यावर, खाली मान घालून.

आम्ही पोरीबाळी दारात गर्दी करून हे बघत असू. एका मुलीनं सूत दातानं तोडलं, तिला नकार. एकीला मध्येच रडू आलं, तिलाही नकार. मग अक्कलकोटकडची एक आली. काय ती शांत होती! पार उन्हं कलेपर्यंत बसली, एक धागा तुटू दिला नाही, आणि लड सरळ करून अव्वाच्या हातात दिली. अव्वानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पदरात खण-नारळ घातला आणि तिलाही नको म्हटलं.

तेव्हापासून मला चैन पडेना. ही म्हातारी बघते तरी काय?

आईचं म्हणणं, सोशिकपणा बघते. संसारात गुंता व्हायचाच, जी चिडत नाही ती नांदते. वडिलांच्या मते काटकसर. जी सूत तोडत नाही ती पैसाही उधळणार नाही. मी म्हटलं, मग अक्कलकोटच्या मुलीत काय कमी होतं? वडिलांनी पुन्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. बांगड्या भरायला येणाऱ्या चाचीला विचारलं, तर ती माझा हात दाबत म्हणाली, “कुछ नै बेटी, बुढ्ढी फुकट में अपना सूत सुलझा लेती.” गल्लीतल्या बऱ्याच जणांना हेच पटलेलं होतं. खुद्द अव्वाला विचारलं तर ती म्हणायची, “मास्तरांची पोरगी, शाळंत न्हाय का तुला काम?”

आणि मग या परीक्षेला माझी मैत्रीणच बसायची वेळ आली.

ती मागच्या गल्लीत मामाकडे राहायची. आईबाप लहानपणीच गेलेले. वय माझ्याएवढंच, सोळाच्या आसपास, म्हणजे त्यांच्यात घोडनवरी. मामा वाईट नव्हता, पण त्याला स्वतःच्या मुली होत्या आणि घाई झाली होती. बार्शीकडचा एक बिजवर लग्नाचा सगळा खर्च करायला तयार होता. मामीनं तर त्याच्याकडून आलेलं लग्नाचं लुगडं हिला नेसवायला काढूनही ठेवलं होतं. मैत्रीण मला म्हणाली, “त्याची पोरगी माझ्याहून मोठी हाय गं. मला ती आई म्हननार, का मी तिला अक्का म्हनू?” ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मामानं तिची एक विनवणी ऐकली. आधी अव्वाकडे दाखवू, तिथं जमलं नाही तर बार्शी. त्यावर चर्चा नको.

मी विचारलं, “अव्वाचा मुलगा तुला आवडतो का?”

“मला काय ठाऊक? बोललोय कुटं कधी?” मग म्हणाली, “नळावर दिसतो. हसताना तोंडावर हात धरतो.” एवढं बोलून ती लाल झाली. मला जे समजायचं ते समजलं.

आता आम्ही परीक्षेच्या तयारीला लागलो. तिनं मामाच्या घरातल्या गुंतलेल्या लडी गोळा केल्या. पहिल्या दिवशी मी लड माझ्या दोन हातांवर ताणून धरली आणि तिनं धागा शोधून काढला. काम पटकन झालं. दोघी असल्या की गुंता सुटतोच, एकीनं धरायचं आणि दुसरीनं उकलायचं, घरोघरी असंच चालतं. पण ती म्हणाली, “तितं तुला कोन हात लावू देनार? मला एकटीलाच जमवलं पायजे.” मग तिनं युक्ती काढली. गुडघे उभे करून बसायचं, लड दोन्ही गुडघ्यांवर अडकवायची आणि मांड्या फाकवून ताण द्यायचा. हात मोकळे राहतात. चार दिवसांत तिचा हात असा बसला, की मी बघतच राहिले.

बघायचा दिवस आला. तिची सोबतीण म्हणून मी शेजारी बसले. मामा, मामी, गल्लीतले दोन म्हातारे, समोरच्या बाकड्यावर खाली मान घातलेला मुलगा, आणि दारात नेहमीची गर्दी. चहा झाला. अव्वानं लड आणून टाकली. निळ्या सुताची होती आणि गुंता असा, की धाग्याचं टोक कुठं दिसेना. मी नकळत हात पुढे केला तर अव्वा म्हणाली, “तू न्हाय.”

मैत्रिणीनं एकदा लड उलटीपालटी केली. मग भर बैठकीत, वडीलधाऱ्यांसमोर, लुगडं सावरून गुडघे उभे केले आणि लड त्यांवर चढवली. मामीनं कपाळावर हात मारला. दारातल्या बायका खुसखुसल्या. पण हिचं लक्षच नव्हतं. तिची बोटं धाग्याच्या मागं मागं चालली होती. चहाचे रिकामे कप उचलले असतील नसतील, तेवढ्यात तिनं लड सरळ करून, झटकून, पीळ देऊन अव्वापुढे ठेवली. दारातल्या बायका आता हसायच्या थांबल्या. एक म्हातारा तर “शाब्बास” म्हणाला.

मी आनंदानं अव्वाकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता.

तिनं लड हातात घेतली, बराच वेळ तिच्यावरून बोटं फिरवली, आणि मामाला म्हणाली, “पोरगी लई गुनाची हाय. पन नको.”

मामा ताडकन उठला. “नको तर नको. उद्या बार्शीला निरोप धाडतो.” मामी चपला शोधायला लागली. मैत्रीण जिथं होती तिथंच बसून राहिली. ती रडलीसुद्धा नाही. मला मात्र असा राग आला म्हणता! अव्वा खण-नारळ आणायला आत गेली, तशी मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसले.

“गुडघे वर केले म्हणून नको म्हणालीस?”

“गुडघ्याचं काय घिऊन बसलीस? मी जलमभर तशीच सोडवली.”

“मग बघतेस तरी काय तू? अक्कलकोटच्या मुलीत बघितलंस काय? हिच्यात काय?”

अव्वानं डब्यातून खण काढला आणि तसाच हातात धरून उभी राहिली. “पोरींकडं कोन बघतंय?” ती म्हणाली. “एका दिसात पोरगी कळती व्हय कुनाला? मी माझ्या पोराला बघते.”

मला काही उमगेना.

“मी ह्या घरात आले तवा सासूनं अशीच लड दिली,” अव्वा म्हणाली. “नवरा तितंच बसला व्हता, बिडी वडत. मी गुडघ्यावर घातली आन् सोडवली. मग रोजच सोडवली. मानूस वाईट न्हवता गं. कधी हात उगारला न्हाय, दारूला शिवला न्हाय, कमावलेलं हातावर आनून ठिवायचा. पन माझी लड त्यानं कधी धरली न्हाय. मी सोडवत ऱ्हायले, त्यो बघत ऱ्हायला. पोरगा झाला तवा ठरिवलं, ज्या पोरीसाटी ह्यो आपनहून उठंल, तिलाच हितं आनायची. एकदाबी उठला न्हाय बग. बापासारखाच बसून ऱ्हातो.”

“पण मग हिला का नको? हिनं तर...”

“गुनाची हाय म्हनून तर नको. आत्ताच एकटीनं सोडवायची सवं लागली हाय तिला. हितं आली तर जलमभर एकटीच सोडवत बसंल.”

मी तिथून बाहेर पळाले. मामा दारात पोचला होता. मी मैत्रिणीजवळ बसून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, कारण मला हळू बोलता येतच नाही, सांगितलं, “परीक्षा तुझी नव्हतीच. त्याची होती. तो उठून लड धरतो का, हे ती बघत होती!”

मुलाची मान आणखी खाली गेली आणि कान लाल झाले. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“एवढंच व्हय?” ती म्हणाली.

कोपऱ्यात रंगवलेल्या लडींची पाटी होती. ती उठली, पाटीत हात घालून एक गुंतलेली लड उपसली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बघायला आणलेल्या मुलीनं मुलाशी बोलायचं नसतं. त्याच्याकडे डोळे वर करून बघायचंही नसतं. तिनं लड पुढे केली आणि म्हणाली, “अवो, जरा धरा की.”

तो असा झटकन उठला, की बाकडं मागच्या मागं उलटलं. आवाजानं दारातली पोरं ओरडली. त्यानं दोन्ही हात पुढे केले, तिनं त्यावर लड चढवली. ताण अगदी बरोबर धरला होता त्यानं. विणकराचेच हात ते. ती धागा शोधायला लागली. एका ठिकाणी गाठ आवळली होती, तिथं त्यानं न सांगता मनगट जरा वळवून दिलं आणि गाठ सैल झाली. तिनं वर पाहिलं. त्याला हसू आलं आणि सवयीनं तोंडावर धरायला हात निघाला, पण हात लडीत अडकलेले. तेव्हा सगळ्यांदेखत त्याला तसंच हसावं लागलं. मामानं चपला परत काढल्या.

अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. “सांगितल्यावर कुनीबी उठंल,” ती म्हणाली. आवाज मात्र नेहमीसारखा कडक नव्हता. “आपनहून का न्हाय उठलास रं?”

मुलगा आईसमोर कधी तोंड वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलला. “दर खेपंला उठावंसं वाटायचं. मागं ती एक पोरगी रडली तवाबी वाटलं. पन मला कसं कळावं, उठलेलं चालंल का न्हाय? तू ‘सोडव’ म्हनून परीक्षा घ्यायचीस. मदी हात घातला तर तूच म्हनली असतीस, पोराला घाई झाली. कुनी म्हनलंच न्हाय की, धर म्हनून.”

दारातल्या बायका हसल्या. म्हाताऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, “बरोबर हाय पोराचं. आपल्याला तरी कुनी सांगितल्याबिगर कळतंय काय?” दुसऱ्यानं मान डोलावली. मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं, की वडिलांच्या सगळ्या म्हणींत मिळून जितकं सापडलं नव्हतं, तितकं माणसांबद्दल मला त्या दुपारी कळलं. तिकडे अव्वा वर्षानुवर्षं वाट बघत बसली, आणि इकडे मुलगाही वाट बघत बसला. दोघं एकाच घरात जेवत होते.

अव्वा आत वळली. मी पुन्हा तिच्या मागं गेले. ती चुलीजवळ बसली होती, खण मघाचाच मुठीत.

“अव्वा, बाहेर काय सांगू?”

“काय सांगायचं ऱ्हायलंय? त्यांचं ठरलं की.” मग म्हणाली, “मामीला म्हन, बार्शीचं लुगडं माघारी धाडा. लगीन माझ्या मागावरच्या लुगड्यात हुईल.”

मी आनंदानं उडीच मारणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबले. ती चुलीतल्या राखेकडे बघत होती. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते, कुणीतरी उलटलेलं बाकडं उभं करत होतं.

“पोरी,” ती म्हणाली. आज पहिल्यांदाच तिनं मला मास्तरांची पोरगी म्हटलं नव्हतं. “माझा म्हातारा उठला असता का गं?”

मी त्याला पाहिलेलंही नव्हतं.

“इतकी वर्सं मनात धरून बसले. मेला तवाबी रडता रडता तेच मनात, की ह्यानं माझी लड कधी धरली न्हाय.” तिनं खण मांडीवर ठेवला आणि त्याची घडी सरळ केली. “आन् मी त्याला एकदाबी म्हनले न्हाय, धर म्हनून.”